गडकरीसाहेब, जिनिव्हातली एक सही राहिली आहे

मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



माझे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आणि कारखाना मालनपुरात. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, म्हणून हे पत्र मराठीत. आपण नागपूरचे, त्यामुळे भाषांतराचा त्रास आपल्या कचेरीला होणार नाही. कारखाना लहान आहे. मोटारींचे ब्रेक पॅड आणि ट्रक-ट्रेलरचे ब्रेक शू आम्ही बनवतो. माल युरोपात, आखातात आणि पूर्व आफ्रिकेत जातो. थोडा इथल्या बाजारातही. निर्यातीची तक्रार म्हटली की ती वाणिज्य मंत्रालयाकडे नेण्याची रीत आहे. मी आपल्याला लिहितो आहे, कारण आमची अडचण सीमाशुल्काची नाही. ती वाहनांच्या नियमांची आहे, आणि तो विषय आपल्या खात्याचा.

युरोपात विकायच्या ब्रेक पॅडच्या पाठीवर, म्हणजे लोखंडी बॅकिंग प्लेटवर, एक छोटे वर्तुळ उमटवावे लागते. वर्तुळात ‘ई’ हे अक्षर आणि एक आकडा. आकडा देशाचा असतो. एक म्हणजे जर्मनी, चार नेदरलँड्स, नऊ स्पेन, अकरा ब्रिटन, तेरा लक्झेंबर्ग. शेजारी ‘९०’ आणि मंजुरीचा क्रमांक. हे ९० म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे नियमन क्रमांक ९०, गाडीच्या मूळ ब्रेकऐवजी बसवायच्या पॅड, लायनर, डिस्क आणि ड्रमसाठीचे. ही मंजुरी देण्याचा अधिकार आणि वर्तुळातला आकडा १९५८च्या जिनिव्हा करारात सामील झालेल्या देशांनाच मिळतो. नाव युरोपीय वाटले तरी हा करार आता युरोपापुरता राहिलेला नाही. जपान १९९८ मध्ये आत गेला, दक्षिण आफ्रिका २००१ मध्ये, दक्षिण कोरिया २००४ मध्ये, मलेशिया आणि थायलंड २००६ मध्ये. पाकिस्तानही २०२० मध्ये गेला. भारताला आकडा नाही.

भारत २००६ पासून दुसऱ्या, १९९८च्या करारात आहे. तिथे सगळे देश बसून जागतिक तांत्रिक नियम ठरवतात, पण एकाने दिलेली मंजुरी दुसऱ्याने मानलीच पाहिजे असे बंधन त्यात नाही. अमेरिका आणि चीनही त्याच करारात आहेत, १९५८च्या करारात नाहीत. अमेरिकेला बाहेर राहणे परवडते, कारण तिची बाजारपेठच तेवढी मोठी आहे आणि तिथे उत्पादक स्वतःच दाखला देतो. आम्हाला ते परवडत नाही.

नियमन ९० मध्ये तपासतात काय, हे आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेलच, वाचकांसाठी सांगतो. गाडीचा मूळ पॅड आणि आमचा पॅड एकाच गाडीवर किंवा एकाच डायनामोमीटरवर लावतात. पेडलवर सारखाच दाब दिला तर गाडीचा वेग सारखाच उतरला पाहिजे; फरक १५ टक्क्यांच्या आत हवा. गंमत अशी की कमी पकडणारा पॅड नापास होतो तसा जास्त पकडणाराही होतो. ‘एकदम टाइट ब्रेक’ ही आपल्याकडे तारीफ समजली जाते. पण मागच्या चाकाने गरजेपेक्षा आधी पकडले की ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते, म्हणून युरोपात ती तारीफ चालत नाही. मग पॅड थंड असताना, तापल्यावर आणि वेगवेगळ्या वेगांत काय करतो ते बघतात. शेवटी पॅडचा मसाला प्लेटपासून सुटतो का ते पाहतात. दर चौरस सेंटिमीटरला किमान २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलोचा जोर त्याने सोसला पाहिजे. पन्नास चौरस सेंटिमीटरचा पॅड घेतला तर सव्वा टनाच्या रेट्यालाही प्लेट सोडता कामा नये. ही चाचणी न्याय्य आहे. तिच्याविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. चाचणी भारतातल्या यंत्रावर होऊ शकते. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासूनची. मानेसरला आयकॅट आहे. आमच्याच मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी आहे. माणसे आपली, यंत्रे आपली, वीज आपली. पण चाचणी कितीही चोख झाली तरी मंजुरी देणार लक्झेंबर्ग, नेदरलँड्स नाही तर जर्मनी. त्यांच्या मान्यतेच्या संस्थेचा निरीक्षक उभा राहणार, त्याचे विमानभाडे आणि हॉटेल आमच्या खात्यावर, अहवाल तिकडे जाणार, शंका तिकडून येणार, आणि नंतर कारखान्याच्या उत्पादनाची पुन्हा पुन्हा तपासणी. हे एका नंबरसाठी झाले. या धंद्यात प्रत्येक गाडीच्या प्रत्येक आसाचा पॅड वेगळा आणि त्याचा ओळखीचा डब्ल्यूव्हीए नंबर वेगळा. परदेशी खरेदीदार एक नंबर कधीच घेत नाही, त्याला सगळी रेंज लागते. शंभर नंबरांची रेंज द्यायची तर खर्चाचा आकडा लहान कारखान्याच्या वर्षभराच्या नफ्याला गिळून टाकतो.

मग लहान कारखानदार काय करतो? तो दुसऱ्याच्या नावाने माल बनवतो. मंजुरी खरेदीदार आपल्या ब्रँडच्या नावावर काढतो, खोकेही त्याच्या डिझाइनचे असते. मालनपुरात तयार झालेला पॅड जर्मन नावाच्या खोक्यात बसून जातो. यात फसवणूक काही नाही, जगभर असेच चालते. पण मंजुरी ज्याच्या नावावर, भाव त्याच्या हातात. उद्या तुर्कस्तानात पाच सेंट स्वस्त मिळाले की तो तिकडे जातो, आणि आमच्या हातात साचे उरतात. आपण ‘भारताला जगातला पहिल्या क्रमांकाचा वाहन उद्योग करू’ म्हणता तेव्हा मला ही खोकी आठवतात. एसीएमए या वाहनभाग उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये देशाने २२.९ अब्ज डॉलरचे वाहनभाग निर्यात केले आणि २२.४ अब्जांचे आयात. जमा-खर्च जेमतेम जुळतो आहे. निर्यातीतला किती हिस्सा स्वतःच्या नावाने जातो, याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडला पाहिजे.

२७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाबरोबरच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली तेव्हा मालनपुरात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. पण ब्रेकच्या भागांवर युरोपचे शुल्क मुळात तीन ते साडेचार टक्के. ते शून्यावर आले तरी वर्तुळातला आकडा आमचा होत नाही. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी करार झाला, तिथेही तेच. साडेचार टक्क्यांसाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या, आणि त्याहून जड अडथळा एका सहीने हटण्यासारखा आहे त्याकडे कुणाचे लक्ष नाही. खरे सांगायचे तर वाणिज्य मंत्रालयाला तो अडथळा दिसतच नसेल, कारण तो शुल्काच्या तक्त्यात नसतो.

आता थोडे मालनपूरबद्दल, कारण दिल्लीत ‘ग्वाल्हेर’ म्हटले की किल्ला, तानसेन आणि गजक एवढेच आठवते. गोला का मंदिर चौकातून भिंडचा रस्ता धरला की थोड्याच वेळात मालनपूर-घिरोंगी लागते. जिल्हा भिंड, पण बिलावर सगळे ग्वाल्हेरच लिहितात. परदेशी माणसाला भिंड काय सांगणार. इथे जमना ऑटोच्या कमानी बनतात. राउलुंड्स या मूळ डॅनिश नावाने ब्रेक पॅडचा कारखानाही इथे उभा राहिला. मुरैना बाजूला बानमोरला जेके टायर आहे आणि शहराच्या दक्षिणेला सिथौलीला रेल्वेचा स्प्रिंग कारखाना. म्हणजे टायर, कमानी, स्प्रिंग, ब्रेक, सगळे गाडीच्या पोटाखालचे सामान या पट्ट्यात होते. माधवराव शिंद्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी दोन फुटी रुळांची रेल्वे भिंडपर्यंत नेली, बिर्लांनी १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल उभी केली. गिरणी बंद पडली तेव्हा बिर्लानगरच्या हजारो घरांच्या चुली विझल्या. आज जे उरले आहे ते लोखंड, रबर आणि रसायन यांचे काम, आणि ते करणारे हात अजून आहेत.

ब्रेकचा मसाला बनवणे हे बाहेरून वाटते तेवढे लोहारकाम नाही. फिनॉलिक रेझिन, धातूचा चुरा, ग्रॅफाइट, बॅराइट, अरामिड तंतू, घर्षण वाढवणारे आणि घर्षण आवरणारे असे दहा-वीस पदार्थ ग्रॅमच्या हिशेबाने पडतात. मग गरम प्रेस, भट्टी, ग्राइंडिंग, कडा तासणे, मागे आवाज रोखणारी शिम. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की रेझिनच्या पावडरचे गोळे होऊ लागतात. तिला थंड खोलीत ठेवावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीचा पहिला मान रेझिनचा, मग मालकाचा. एका घाण्यात काही ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर पॅड चाळीस अंशांना उत्तम पकडतो आणि साडेतीनशेला हात सोडतो. चंबळच्या उतारावर नाही, पण आल्प्समध्ये ट्रेलर उतरताना हे साडेतीनशे सहज गाठले जाते.

परदेशी नियमांनी आम्हाला शिकवले ते कमी नाही. युरोपने २००५ पासून ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला, त्यात बदली ब्रेकही आले. तांब्याची गोष्ट त्याहून मजेची. ब्रेक घासला की त्याची धूळ रस्त्यावर पडते, पावसाने ओढ्यात जाते, आणि तांब्याच्या अंशाने सॅल्मन मासा गांगरतो, असे वॉशिंग्टन राज्यातल्या शास्त्रज्ञांना आढळले. त्यावरून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया यांनी २०१० मध्ये कायदे केले: २०२१ पासून पॅडमध्ये तांबे पाच टक्क्यांच्या खाली, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या खाली. पॅसिफिकच्या माशासाठी मालनपुरातल्या मिश्रणातून तांबे गेले! तांबे उष्णता वाहून नेते, त्याच्या जागी काय घालायचे हे शोधण्यात भल्याभल्यांची झोप उडाली. पण शोधले. त्याच अमेरिकेने ३ मे २०२५ पासून वाहनभागांवर २५ टक्के शुल्क बसवले तेव्हा मात्र मिश्रण बदलून काही उपयोग नव्हता. अमेरिकेच्या त्या तडाख्यानंतर युरोपची वाट किती मोलाची झाली आहे, हे आपल्याला मी सांगायला नको.

आणि आता पुढचा नियम दारात आहे. युरोपच्या युरो ७ या उत्सर्जन नियमांप्रमाणे २९ नोव्हेंबर २०२६ पासून नव्या प्रकारच्या मोटारींच्या ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाही मर्यादा येईल: किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, निव्वळ बॅटरीच्या गाड्यांना ३. ही धूळ मोजायची पद्धत जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २४ मध्ये २०२३ साली ठरली, ती १९९८च्या करारातच, जिथे भारताला मत आहे. म्हणजे नियम ठरवताना आपण टेबलावर, आणि मंजुरी देताना दाराबाहेर.

साहेब, इथवरचे सगळे आमच्या धंद्याचे झाले. पुढचे आपल्या रस्त्यांचे.

आमच्या कारखान्यात, आणि मला ठाऊक असलेल्या अनेक कारखान्यांत, दोन प्रतींचा माल निघतो. एक ‘एक्स्पोर्ट’, एक ‘देशी’. मशीन तीच, कामगार तेच. मसाला वेगळा. रॉटरडॅमला जाणाऱ्या पॅडचा प्रत्येक घाणा तपासून, नोंदवून, नमुना ठेवून जातो. ट्रान्सपोर्ट नगरच्या दुकानदाराला जाणाऱ्या लायनरबद्दल तो दोनच प्रश्न विचारतो: ‘रेट क्या लगाओगे?’ आणि ‘चूं-चूं तो नहीं करेगा?’ गाडी किती अंतरात थांबेल, असे देशी गिऱ्हाइकाने मला आजवर विचारलेले नाही. मूळ पॅडशी तुलना केल्याचा दाखला त्याने मागितला नाही, आणि कुठल्या निरीक्षकानेही मागितला नाही. दाखला मागत नाहीत म्हणून त्याचा खर्च भावात धरता येत नाही. एखाद्याने स्वतःहून चांगला माल दिला तर तो शेजाऱ्यापेक्षा महाग पडतो आणि गोदामात राहतो. हे चांगुलपणाने सुटणारे कोडे नाही, नियमानेच सुटेल.

ग्वाल्हेरचा मेळा आपल्याला माहीत आहे. १९०५ मध्ये माधवरावांनी तो सुरू केला, तेव्हा गुरांचा बाजार होता. आता मोटारींचा आहे. रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोक गाडी घ्यायला थांबून राहतात. नव्या गाडीचे ब्रेक कंपनीने कसून तपासलेले असतात. दोन-तीन वर्षांनी ते झिजतात, आणि मग ती गाडी उरलेले सगळे आयुष्य बाजारातल्या पॅडवर थांबते. आपण एअरबॅग मोजल्या, सुरक्षिततेचे भारत एनकॅपचे तारे २०२३ मध्ये आणले. तारे शोरूममधल्या गाडीला असतात, गॅरेजमधून बाहेर पडलेल्या गाडीला नाहीत. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांवर माणसे गेली. त्यांतली किती ब्रेकमुळे, हे कुणी सांगू शकणार नाही, कारण अपघातानंतर पॅड काढून त्याची तपासणी क्वचितच होते. भिंडच्या ज्या रस्त्यावरून आमचे कंटेनर निघतात त्याच्या रुंदीकरणासाठी साधुसंतांनीही धरणे धरले. रस्ता रुंद होईल, व्हावाच. पण रुंद रस्त्यावर ट्रक जास्त वेगाने येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये आपण लोकसभेत म्हणालात की परदेशात परिषदेत अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावेसे वाटते. इतके मोकळे बोलणारे मंत्री कमी. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहायचे धाडस करतो आहे.

१९५८च्या करारात जाण्याविरुद्ध जे बोलले जाते ते मला माहीत आहे, आणि ते सगळेच पोकळ नाही. मंजुरी दोन्ही बाजूंनी मानावी लागते. आपण नियमन ९० स्वीकारले की ‘ई’ची खूण असलेला परदेशी पॅड इथे पुन्हा न तपासता घ्यावा लागेल. चिनी कारखानेही युरोपीय देशांकडून ही खूण मिळवतात, त्यांचा माल त्या वाटेने येईल. माझे उत्तर असे: तो माल आजही येतो, आणि तपासल्याची कसलीही खूण नसलेला येतो. निदान तपासलेला तरी येऊ दे. स्पर्धा आम्हाला नवी नाही, तिच्याशी आम्ही नैरोबीत रोज दोन हात करतो. दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा, की आपले नियम जिनिव्हात ठरतील. पण या करारात सगळी नियमने एकदम गळ्यात पडत नाहीत. सामील होतानाच कोणती लागू करणार नाही ते देश सांगू शकतो, आणि बाकीची पुढे सवडीने घेऊ शकतो. एकट्या नियमन ९० पासून सुरुवात करायला कुणाची आडकाठी नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच बिरादरीतला आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. देशात नियमन ९० लागू झाले की देशी प्रत बंद करावी लागेल. बरेच लहान कारखाने त्यावरच जगतात. हे खरे आहे. म्हणून मुदत द्या, तीन वर्षांची द्या, आधी ट्रकचे लायनर आणि मग मोटारींचे पॅड असे टप्पे करा, आणि चाचणीची सोय जवळ आणा. आमच्याच गावात माधव इन्स्टिट्यूट ही अभियांत्रिकीची संस्था आहे, १९५७ची. तिथे एक इनर्शिया डायनामोमीटर बसवला तर मालनपूर-बानमोरच्या कारखान्यांना प्रत्येक नंबरसाठी पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. पुणे आम्हाला प्रिय आहे, भावकी तिकडेच आहे. पण पॅडच्या पेट्या घेऊन पाहुणचाराला जाणे बरे दिसत नाही.

चाचणी आपल्या यंत्रावर होईल, मंजुरी आपले खाते देईल, पाठीवर आपला आकडा असेल, आणि तोच पॅड रॉटरडॅमच्या आणि भिंडच्या दुकानात एकाच प्रतीचा मिळेल. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही की अब्जावधींची योजना लागत नाही. सामील होण्याचा दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा करावा लागतो आणि आपल्या मोटार वाहन नियमांत बदली ब्रेकसाठी एक नियम घालावा लागतो. वाहन नियमांच्या जागतिक मंचाची, डब्ल्यूपी-२९ची, बैठक जिनिव्हात वर्षातून तीनदा होते: मार्चमध्ये, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. आपल्या खात्याची माणसे तिथे जातातच. पुढच्या खेपेला जाताना त्यांच्या फायलीत १९५८च्या करारात सामील होण्याचा भारताचा निर्णय असू द्या, निदान नियमन ९० पुरता.

आपला नम्र,
मालनपूरचा एक ब्रेक उत्पादक
लष्कर, ग्वाल्हेर